बिंदू फिरवताना चिन्ह का चुकते? आरंभबिंदूभोवती फिरवण्याची पूर्ण रीत

'(५, २) हा बिंदू आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९०° फिरवा' असा प्रश्न दिला की वह्यांमध्ये चार उत्तरे सापडतात: (२, ५), (२, −५), (−५, २) आणि (−२, ५). चारही बिंदू आरंभबिंदूपासून √२९ एवढ्याच अंतरावर आहेत, त्यामुळे नुसते अंतर मोजून काही उलगडत नाही. बरोबर उत्तर शेवटचे. बाकीची तीन उत्तरे चिन्हांचा तक्ता पाठ करण्याच्या सवयीतून येतात. तक्ता महिनाभर टिकतो, मग त्यातले उणे चिन्ह इकडचे तिकडे जाते.

राज्य मंडळाच्या दहावीच्या निर्देशक भूमितीत अंतराचे सूत्र, विभाजनाचे सूत्र आणि रेषेचा चढ येतो. बिंदू फिरवणे हा त्यातला वेगळा भाग नाही. अमेरिकेतल्या शाळांत ते साधारण आठवीत येते, केंब्रिजच्या आयजीसीएसई अभ्यासक्रमातही असते. आपल्याकडच्या मुलांपुढे ते एकदम संमिश्र संख्या किंवा कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकताना उभे राहते, आणि तेव्हा पाया कुणी घातलेला नसतो.

आधी तीन गोष्टी नक्की करा

कशाभोवती फिरवायचे, किती अंश फिरवायचे आणि कोणत्या दिशेने. प्रश्नात दिशा दिली नसेल आणि कोन धन असेल, तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशा धरायची, हा गणितातला संकेत आहे. ऋण कोन म्हणजे घड्याळाच्या दिशेने. देवळातली प्रदक्षिणा आठवा: देव उजव्या हाताला ठेवून आपण चालतो, वरून पाहिले तर घड्याळाच्याच दिशेने. गणिताची धन दिशा म्हणजे उलटी प्रदक्षिणा. हे एकदा डोक्यात बसले की पुन्हा गोंधळ होत नाही.

कोन ३६०° पेक्षा मोठा असेल तर ३६० च्या पटी वजा करा, ऋण असेल तर मिळवा. ४५०° म्हणजे ९०°. −६३०° मध्ये ७२० मिळवले की तेही ९०° च. हे न करता थेट सूत्रात आकडे घातले तरी उत्तर येते, पण तोंडी सुटणारे गणित उगाच लांबते.

९०° साठी पाठांतर लागतच नाही

(५, २) चा अर्थ काय? आरंभबिंदूपासून ५ घरे उजवीकडे, मग २ घरे वर. आता हा सगळा रस्ताच घड्याळाच्या उलट दिशेने काटकोनात वळवा. जे उजवीकडे होते ते वर गेले. जे वर होते ते डावीकडे गेले. म्हणजे नवा रस्ता: ५ घरे वर, २ घरे डावीकडे. उत्तर (−२, ५).

संपूर्ण लेखात लक्षात ठेवायचे ते एवढेच: उजवा बाण (१, ०) कुठे जातो आणि वरचा बाण (०, १) कुठे जातो. ९०° साठी पहिला (०, १) वर जातो आणि दुसरा (−१, ०) वर. त्यावरून सर्वसाधारण बिंदूसाठी नियम मिळतो:

घड्याळाच्या उलट ९०°: (क्ष, य) → (−य, क्ष)

१८०° साठी उजवे डावे होते, वरचे खाली: (क्ष, य) → (−क्ष, −य). इथे दिशा विचारण्याची गरजच नाही, दोन्हीकडून तिथेच पोहोचतो.

घड्याळाच्या दिशेने ९०°, किंवा उलट दिशेने २७०°: उजवे खाली जाते, वरचे उजवीकडे. (क्ष, य) → (य, −क्ष).

आता ती तीन चुकीची उत्तरे पाहू. (२, −५) हे घड्याळाच्या दिशेने फिरवल्याचे उत्तर आहे. गणित बरोबर, दिशा चुकली. (२, ५) मध्ये निर्देशकांची नुसती अदलाबदल केली आहे. ते फिरवणे नाही, य = क्ष या रेषेच्या आरशातले प्रतिबिंब आहे. (−५, २) मध्ये अदलाबदल करायचीच राहिली. ते य-अक्षाच्या आरशातले प्रतिबिंब झाले. निर्देशकांची अदलाबदल आणि नेमक्या एका चिन्हाचा बदल, दोन्ही एकत्र झाले तरच काटकोनात फिरवणे होते.

सर्वात जास्त गुण जातात ते '−य' चा अर्थ 'ऋण संख्या' असा लावल्यामुळे. −य म्हणजे य ची विरुद्ध संख्या. (−३, −४) हा बिंदू उलट दिशेने ९०° फिरवला तर −य म्हणजे −(−४), अर्थात ४. उत्तर (४, −३). घाईत (−४, −३) लिहिले जाते. कंस घालून लिहायची सवय लावा: (−(−४), −३). दोन सेकंद जास्त जातात, पण चूक जागीच दिसते.

उत्तर तपासायच्या दोन खुणा

पहिली खूण चरणाची, म्हणजे दोन अक्षांनी पाडलेल्या चार भागांची; उजवा-वरचा भाग पहिला. घड्याळाच्या उलट ९०° म्हणजे बिंदू बरोबर एक चरण पुढे सरकतो: पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे. (५, २) पहिल्या चरणात आहे, तेव्हा उत्तर दुसऱ्या चरणात हवे. चार उत्तरांतली दोन इथेच गळाली.

दुसरी खूण काटकोनाची. जुने क्ष गुणिले नवे क्ष, अधिक जुने य गुणिले नवे य, ही बेरीज शून्य आली पाहिजे. (५, २) आणि (−२, ५) साठी: ५ × (−२) + २ × ५ = ०. (−५, २) साठी: −२५ + ४ = −२१. हेही गळाले. 'लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१' हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी ही त्याचीच दुसरी मांडणी आहे. फरक इतकाच की बिंदू अक्षावर असला की एका रेषेचा चढ ठरवताच येत नाही. ही बेरीज मात्र तिथेही चालते. उदाहरणार्थ (०, −४) हा बिंदू फिरून (४, ०) वर जातो; ० × ४ + (−४) × ० = ०. अक्षावरच्या बिंदूंना चरण नसतो, म्हणून त्यांच्यासाठी उजवे-वरचे बाण पाहूनच दिशा ठरवा.

मनात चित्र येत नसेल तर वही फिरवा, अक्षरशः. आलेख कागद टेबलावरच घड्याळाच्या उलट काटकोनात वळवा आणि अक्षांवर लिहिलेले आकडे विसरून, आता जी दिशा उजवी दिसते तिलाच क्ष-अक्ष मानून बिंदू वाचा. अक्षांवरचे आकडेही कागदाबरोबर फिरलेले असतात. ते वाचले तर जुनेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ट्रेसिंग पेपर बरा: वरच्या कागदावर बिंदू आणि आरंभबिंदू उतरवा, आरंभबिंदूवर पेन्सिलीचे टोक दाबून ठेवा आणि फक्त वरचा कागद वळवा.

आकृती फिरवताना

त्रिकोण असो वा बहुभुज, एकेक शिरोबिंदू फिरवायचा आणि त्याच क्रमाने जोडायचा. अ(१, १), ब(४, १), क(४, ३) हा त्रिकोण घड्याळाच्या दिशेने ९०° फिरवू. नियम (य, −क्ष): अ′(१, −१), ब′(१, −४), क′(३, −४).

तपासा: अब ही ३ एकक लांबीची आडवी बाजू होती, अ′ब′ ३ एकक लांबीची उभी आहे. बक उभी २ होती, ब′क′ आडवी २ आहे. यापुढची तपासणी सहसा कुणी करत नाही, पण खरी पकड तिच्यातच आहे: अ कडून ब, ब कडून क असे बोट फिरवले तर मूळ त्रिकोणात बोट घड्याळाच्या उलट फिरते. नव्या त्रिकोणातही तसेच फिरले पाहिजे. निर्देशकांची नुसती अदलाबदल केली असती तर (१, १), (१, ४), (३, ४) मिळाले असते. बाजू तितक्याच, कोन तेवढेच, पण बोट उलटे फिरते. बाजू मोजून ही चूक सापडत नाही, कारण प्रतिबिंबातही त्रिकोण एकरूपच राहतो.

कोणताही कोन

आता ६०° किंवा ३७° फिरवायचे असेल तर? रीत तीच, दोन बाण कुठे जातात ते पाहायचे. कोनाला थ म्हणू. उजवा बाण (१, ०) थ कोनातून फिरला की (कॉस थ, साइन थ) वर पोहोचतो. साइन-कॉसची एकक वर्तुळावरची व्याख्याच ही आहे. वरचा बाण त्याच्यापुढे कायम ९०° असतो, म्हणून मघाचा नियम (−य, क्ष) लावला की तो (−साइन थ, कॉस थ) वर आहे. मूळ बिंदू म्हणजे क्ष वेळा उजवा बाण आणि य वेळा वरचा बाण. आरंभबिंदू आणि बिंदू यांच्यामधला आयत फिरवला तरी आयतच राहतो, म्हणून फिरल्यानंतरही बिंदू म्हणजे क्ष वेळा नवा उजवा आणि य वेळा नवा वरचा. बेरीज केली की:

क्ष′ = क्ष कॉस थ − य साइन थ
य′ = क्ष साइन थ + य कॉस थ

उणे चिन्ह वरच्या ओळीत का, याचे उत्तर आता पाठ करावे लागत नाही: धन कोनात वरचा बाण डावीकडे कलतो म्हणून.

(५, २) हा बिंदू ६०° फिरवू. कॉस ६०° = १/२, साइन ६०° = √३/२.
क्ष′ = २.५ − √३ ≈ ०.७६८
य′ = ५√३/२ + १ ≈ ५.३३०

अंतर तपासू: ०.७६८ चा वर्ग सुमारे ०.५९, ५.३३० चा वर्ग सुमारे २८.४१, बेरीज २९. कोन तपासू: मूळ बिंदू क्ष-अक्षाशी सुमारे २१.८° वर होता, तेव्हा नवा ८१.८° वर हवा, म्हणजे य-अक्षाला जवळजवळ चिकटलेला. तसाच आहे.

हेच कागदावर काढायचे तर १ सेंमी = १ एकक घ्या. आरंभबिंदू आणि (५, २) जोडा. लांबी सुमारे ५.४ सेंमी भरेल. कोनमापकाची शून्य रेषा या रेषेवर ठेवा, क्ष-अक्षावर नाही. ६०° ची खूण करा आणि कंपासमध्ये तेवढेच ५.४ सेंमी घेऊन त्या दिशेवर कंस मारा. कोनमापक क्ष-अक्षावर ठेवला तर बिंदू ६०° वर येतो, ८१.८° वर नाही. 'किती अंशांनी' आणि 'किती अंशांवर' यांतला घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

शिकवणाऱ्यांसाठी एक सोय: ३-४-५ चा त्रिकोण वापरा. कॉस थ = ३/५ आणि साइन थ = ४/५ असा कोन (सुमारे ५३.१३°) घेतला आणि निर्देशक ५ च्या पटीत ठेवले, तर उत्तरे पूर्णांकात येतात. (१०, ५) साठी क्ष′ = ६ − ४ = २, य′ = ८ + ३ = ११. वर्गांची बेरीज दोन्हीकडे १२५. मुलांचे लक्ष दशांशात न अडकता रीतीवर राहते.

कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटरवर काय बिघडते

कॅल्क्युलेटर रेडियनवर (कोन मोजण्याचे दुसरे एकक, १८०° म्हणजे π रेडियन) राहिला आणि आपण ६० दाबले, तर (५, २) चे उत्तर सुमारे (−४.१५, −३.४३) येते. गंमत अशी की याचे आरंभबिंदूपासूनचे अंतरही √२९ च आहे! बिंदू खरोखर फिरलाच आहे, फक्त ६० रेडियन फिरला आहे. म्हणून अंतराच्या तपासणीवर एकटीवर विसंबू नका. पहिल्या चरणातला बिंदू ६०° फिरून तिसऱ्या चरणात जाऊच शकत नाही, हे पाहिले की चूक कळते.

प्रोग्रॅम लिहिताना वेगळाच अपघात होतो. पहिल्या ओळीत क्ष ची नवी किंमत त्याच नावाच्या चलात साठवली जाते आणि दुसऱ्या ओळीत य′ काढताना जुन्या क्ष ऐवजी ती वापरली जाते. ९०° साठी (५, २) मधून आधी क्ष = −२ होते, मग य = −२ × १ + २ × ० = −२. उत्तर (−२, −२). इथे मात्र अंतराची तपासणी लगेच बोलते: √८, √२९ नव्हे. उपाय सोपा, जुना क्ष वेगळ्या चलात आधी बाजूला ठेवा.

स्क्रीनवर चित्र उलट्या दिशेने फिरत असेल तर सूत्र बहुधा बरोबरच असते. बहुतेक ग्राफिक्स प्रणालींत आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि य खाली वाढत जातो. तिथे धन कोन डोळ्यांना घड्याळाच्या दिशेने दिसतो. कोनाचे चिन्ह बदला, सूत्रात हात घालू नका.

काटकोनासाठी कॉम्प्युटरला साइन-कॉस विचारणेही टाळा. ९०° चे रेडियनमध्ये रूपांतर करून कॉस काढला तर नेहमीच्या दुहेरी अचूकतेत (सुमारे सोळा अर्थपूर्ण अंकांच्या हिशेबात) शून्य मिळत नाही. दशांशचिन्हानंतर सोळा शून्ये आणि मग ६१ असे काहीतरी येते. पुढे कुठे 'शून्य आहे का?' अशी तुलना असेल तर ती फसते. निर्देशकांची अदलाबदल आणि चिन्हबदल नेमका असतो.

आकडे लवकर आखडते घेण्याचा परिणाम तर बघण्यासारखा आहे. एकेक अंश करत ३६० वेळा बिंदू फिरवायचा ठरवला आणि कॉस १° = १.००, साइन १° = ०.०२ असे दोनच दशांश घेतले, तर प्रत्येक पायरीला अंतर किंचित वाढते. शेवटी बिंदू मूळ जागी परतत नाही. आरंभबिंदूपासून सुमारे साडेसात टक्के लांब जातो आणि पूर्ण फेरीपेक्षा सुमारे ५२° पुढे पोहोचतो. वर्तुळाऐवजी चकलीसारखा बाहेर उलगडत जाणारा वक्र तयार होतो. म्हणून प्रत्येक वेळी मूळ बिंदूपासून एकूण कोनाने फिरवा, मागच्या उत्तरावर उत्तर चढवत जाऊ नका.

एकामागोमाग दोन फेरे

आधी अ कोनातून, मग ब कोनातून फिरवले तर एकूण अ + ब. उजव्या बाणावर हे दोन फेरे सूत्राने करून पाहा. दुसऱ्या निर्देशकात साइन अ कॉस ब + कॉस अ साइन ब मिळते, म्हणजेच साइन (अ + ब). अकरावीत रडवणारे हे सूत्र वेगळे सिद्ध करावे लागत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याचा हाच नियम दिला होता. आपण ज्याला साइन म्हणतो ती ही ज्या.

संमिश्र संख्या येत असतील तर (५, २) ला ५ + २आय म्हणा (आय म्हणजे जिचा वर्ग −१ आहे ती संख्या) आणि आय ने गुणा: ५आय + २आय² = −२ + ५आय. हेच आपले (−२, ५). गुणाकार म्हणजे फिरवणे, ही भौमितिक मांडणी कास्पार वेसेल यांनी १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे ठेवली. ते पेशाने भूमापक होते, आणि दिशा-अंतराचे हिशेब करणाऱ्यालाच हे सुचावे यात नवल नाही.

केंद्र दुसरीकडे असेल तर

(७, ३) हा बिंदू (४, १) भोवती उलट दिशेने ९०° फिरवायचा आहे. केंद्र वजा करा: (३, २). फिरवा: (−२, ३). केंद्र परत मिळवा: (२, ४). तिसरी पायरी विसरणे ही इथली ठरलेली चूक. केंद्रापासूनचे अंतर आधी आणि नंतर √१३ आहे का, ते पाहा.

उलटे प्रश्न

दोन्ही बिंदू दिले आणि कोन विचारला, तर कॉस आणि साइन दोन्ही काढा:

कॉस थ = (क्षक्ष′ + यय′) ÷ (क्ष² + य²)
साइन थ = (क्षय′ − यक्ष′) ÷ (क्ष² + य²)

(१०, ५) आणि (२, ११) साठी कॉस = ७५/१२५ = ३/५, साइन = १००/१२५ = ४/५. फक्त कॉस काढून थांबलात तर ५३.१३° हे मिळते, पण कोणत्या दिशेने ते कळत नाही. साइन धन आला म्हणजे घड्याळाच्या उलट.

पुस्तकात सूत्राची चिन्हे आपल्या सूत्राच्या उलट दिसली तर आधी वाचा: तिथे बिंदू फिरवला आहे की अक्ष? अक्ष थ ने फिरवले तर स्थिर बिंदूचे नवे निर्देशक −थ ने फिरवल्यासारखे येतात. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ही दुसरी रीत वरचेवर भेटते. चूक कुणाचीच नसते.

रेषा किंवा वक्र फिरवताना हाच उलटेपणा पुन्हा आडवा येतो. य = २क्ष + ३ ही रेषा उलट दिशेने ९०° फिरवायची, तर समीकरणात नवे निर्देशक घालण्यासाठी जुने निर्देशक नव्यांच्या भाषेत लिहावे लागतात. क्ष′ = −य आणि य′ = क्ष, म्हणून क्ष = य′, य = −क्ष′. समीकरण −क्ष′ = २य′ + ३ होते, म्हणजे क्ष + २य + ३ = ०. मूळ रेषेवरचा (०, ३) फिरून (−३, ०) होतो आणि तो या रेषेवर बसतो. क्ष च्या जागी थेट −य आणि य च्या जागी क्ष घातले असते तर क्ष + २य − ३ = ० मिळाले असते. तिच्यावर (३, ०) आहे, म्हणजे रेषा घड्याळाच्या दिशेने फिरली.